मक्केच्या डॉक्टरची सही

नवा विद्यार्थी येणार असला की त्या रविवारी सकाळी मी घरातल्या पुढच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावतो. दाराची फट जुन्या सतरंजीने बुजवतो. एका खिडकीवर काळा पुठ्ठा आणि त्या पुठ्ठ्याला मधोमध खिळ्याने पाडलेले एक भोक, एवढाच काय तो उजेडाचा रस्ता. दोन-तीन मिनिटांत डोळे सरावतात आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर गल्ली उमटू लागते. समोरच्या घराची पाण्याची टाकी खाली लटकलेली, तिच्यावर बसलेला कावळा त्याहून खाली आणि सायकलवाला चाके वर करून निघालेला. कॅमेरा तोवर कपाटातच असतो. कॅमेरा शिकायला आलेल्या माणसाला हा प्रकार सुरुवातीला फसवणुकीसारखा वाटतो, हे मला माहीत आहे. एका मुलाने तर सरळ विचारले होते, "सर, ये तो ठीक है, पर बटन कब दबाने का?"

मी पेशाने शिक्षक. परभणीत उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. फोटोग्राफी हा माझा विषय नव्हे. २०१४ साली लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून कॅननचा जुना ६००डी कॅमेरा आणि त्यासोबतची १८-५५ लेन्स घेतली, ती शाळेच्या गॅदरिंगचे फोटो काढण्यासाठी. मग कुणी विचारले, ते शिकवले. त्याने आणखी एकाला पाठवले. असे करत रविवारची शिकवणी सुरू झाली. एका वेळी तीनपेक्षा जास्त माणसे मी घेत नाही. वर्गात साठ मुले सांभाळणारा माणूस इथे तिघांवर का थांबतो, असे लोक विचारतात. कारण सोपे आहे. डीएसएलआरच्या मागच्या खिडकीतून एका वेळी एकच डोळा पाहू शकतो. विद्यार्थी काय पाहतो आहे ते मला दिसत नाही. त्याने सांगावे, मी ऐकावे, मग कॅमेरा माझ्या हाती द्यावा आणि मी पाहावे. फळ्यावर लिहून हे होत नाही. बी.एड.ला आम्हाला ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे जा असे घोकायला लावले होते. तेव्हा ते परीक्षेपुरते होते. अंधाऱ्या खोलीत बसल्यावर त्याचा अर्थ कळला.

या अंधाऱ्या खोलीचा इतिहास आपल्यापैकी अनेकांनी व्हॉट्सॲपवर वाचलेला असतो, आणि तिथेच पहिली गडबड होते. 'कॅमेरा' हा शब्द अरबी 'कमरा'वरून आला, म्हणजे कॅमेरा मुसलमानांनी शोधला, असा एक मजकूर दरवर्षी फिरतो. तो चुकीचा आहे. 'कॅमेरा' हा लॅटिन शब्द, त्याच्यामागे ग्रीक 'कमारा', म्हणजे कमानदार छताची खोली. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' हा शब्द केप्लरने १६०४ मध्ये वापरला. आपल्या बोलण्यातला 'कमरा' हादेखील युरोपीय भाषांतूनच आलेला दिसतो. मला या मजकुराचा राग येतो, कारण जे खरोखर घडले ते याहून मोठे आहे आणि त्याला खोट्या टेकूची गरज नाही.

इब्न अल-हैथम हे बसऱ्यात इसवी सन ९६५ च्या सुमारास जन्मले आणि कैरोत १०४० च्या सुमारास वारले. त्यांचा 'किताब अल-मनाज़िर' हा सात भागांचा ग्रंथ प्रकाश आणि दृष्टी यांवर आहे. डोळ्यातून किरण बाहेर जातात आणि वस्तूला जाऊन चिकटतात, या जुन्या ग्रीक समजुतीला त्यांनी बाजूला सारले. उजेड वस्तूवरून डोळ्यात येतो, हे मांडले. त्यांचा दिव्यांचा प्रयोग तर कुणीही घरी करावा असा. एका ओळीत काही दिवे, समोर एक भोक, भोकापलीकडे अंधारी जागा. जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके पलीकडच्या भिंतीवर पडतात. एक दिवा झाकला की त्याच्या रेषेतला ठिपका जातो, उघडला की परत येतो. म्हणजे भोकातून जाताना उजेड एकमेकांत मिसळून गोंधळ करत नाही, प्रत्येक आपल्या सरळ वाटेने जातो. मी हा प्रयोग तीन मोबाइलच्या टॉर्चने करून दाखवतो. वीज गेली असेल तर मेणबत्त्या.

पण शिकवणीच्या दृष्टीने त्यांचा दुसरा, छोटा प्रबंध मला जास्त उपयोगी पडला. तो सूर्यग्रहणाच्या आकारावर आहे. ग्रहणाच्या वेळी लहान भोकातून आलेला उजेड चंद्रकोरीसारखा पडतो, भोक मोठे केले तर कोर नाहीशी होऊन भोकाचाच आकार दिसतो. असे का, याचे भूमितीने उत्तर त्यांनी शोधले. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात आमच्या शाळेतल्या लिंबाच्या झाडाखाली शेकडो कोरी पडल्या होत्या. पानांमधली प्रत्येक फट एकेक भोक झाली होती. मुले त्या कोरींवर उड्या मारत होती. कॅमेऱ्यातले ॲपर्चर शिकवताना मी तिथूनच सुरुवात करतो. पुठ्ठ्याचे भोक पेन्सिलीने मोठे केले की भिंतीवरची गल्ली उजळ होते आणि त्याच वेळी पुसट होते. लहान केले की रेखीव होते आणि अंधारते. उजेड हवा की रेघ हवी, ही ओढाताण हजार वर्षांपूर्वीच्या कैरोत होती आणि ती माझ्या ६००डीच्या लेन्समध्येही आहे. लेन्सने ती पुष्कळ सोडवली, संपवली मात्र नाही.

पुढचा अडथळा आकड्यांचा. एफ/४ हे भोक एफ/१६ पेक्षा मोठे, हे कुणाच्याही गळी उतरत नाही. सोळा मोठे की चार? मी खूप वर्षे 'उलटे असते, पाठ करा' असे सांगत होतो, जे शिक्षकाने कधी सांगू नये. उत्तर मला माझ्याच एका विद्यार्थ्याने दिले. ते आमच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक होते. ते म्हणाले, "अरे, हा तर आण्यांचा हिशेब!" लेन्सची लांबी म्हणजे रुपया धरा. एफ/२ म्हणजे त्याचा अर्धा, अठन्नी. एफ/४ म्हणजे पाव, चवन्नी. एफ/८ म्हणजे दुअन्नी आणि एफ/१६ म्हणजे फक्त एक आणा. पन्नास मिलिमीटरच्या लेन्समध्ये अठन्नीचे भोक २५ मिलिमीटर रुंद आणि एका आण्याचे जेमतेम तीन. आता चवन्नीतून जास्त उजेड येणार की आण्यातून? त्या दिवसापासून मी असेच शिकवतो. अडचण इतकीच की तरुण मुलांना आणे माहीत नसतात, त्यामुळे आधी १९५७ पूर्वीचा रुपया शिकवावा लागतो. तरी वेळ वाचतो.

मग कॅमेरा कपाटातून बाहेर येतो. लेन्स काढून मी आत आरसा दाखवतो. बोट लावायचे नाही, धूळ जाऊ द्यायची नाही, हे आधी तीनदा सांगून. उजेड लेन्समधून येतो, तिरक्या आरशावर पडून वर जातो आणि वरच्या कुबडात त्याला असे वळवले जाते की मघाशी उलटी लटकलेली टाकी डोळ्याला सुलटी दिसते. बटन दाबले की आरसा खटकन वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो, उजेड सेन्सरवर पडतो, आरसा खाली येतो. डीएसएलआरचा जो 'खटॅक' आवाज लोकांना आवडतो, त्यात मोठा वाटा या आरशाचा. आणि एक गंमत बहुतेकांच्या लक्षात आलेली नसते. आरसा वर असताना मागच्या खिडकीत अंधार असतो. म्हणजे जो क्षण फोटोत येतो, नेमका तोच क्षण फोटो काढणाऱ्याला दिसत नाही.

हा आरसा फिल्मच्या जमान्यातला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चालणारा, आरशाचा 'किने एक्झाक्टा' १९३६ मध्ये जर्मनीत निघाला, पण त्यात आरसा वर गेला की वरच राहायचा. आपोआप लगेच खाली येणारा आरसा जपानच्या असाही कंपनीने १९५४ मध्ये दिला. १९७५ मध्ये कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्म नसलेला कॅमेरा जुळवला. वजन सुमारे साडेतीन किलो, चित्रात दहा हजार ठिपके आणि एक फोटो कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या एफ३ कॅमेऱ्याला सेन्सर जोडून विकायला काढले. चित्रे साठवायचे यंत्र वेगळे, खांद्याला अडकवायचे. १९९९ चा निकॉन डी१ वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांपर्यंत पोहोचला आणि २००३ च्या कॅनन ३००डीने अमेरिकेत हजार डॉलरच्या आतली किंमत गाठली. आमच्याकडे लग्नाच्या स्टुडिओंत डीएसएलआर शिरला तो त्यानंतर. तेव्हापासून आमच्या गल्लीत 'डीएसएलआर फोटो' म्हणजे मागचे सगळे धूसर असलेला फोटो. आता कंपन्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत, त्यामुळे जुने डीएसएलआर स्वस्त झाले. शिकणाऱ्यांसाठी ही पर्वणीच आहे.

शिकवणाऱ्यांसाठी मोठा बदल मात्र दुसराच. फिल्मच्या दिवसांत चूक आठ दिवसांनी कळायची, तोवर आपण काय केले होते ते आठवायचे नाही. डिजिटल फोटोच्या पोटात सगळा हिशेब लिहिलेला असतो. किती आण्यांचे भोक, शटर किती वेळ उघडे, आयएसओ किती, तारीख काय. विद्यार्थ्याची वही तपासावी तसा मी त्याचा फोटो तपासतो. त्या हिशेबात आणखी एक रकाना असतो. त्याच्याकडे मी कित्येक वर्षे पाहिलेच नव्हते.

कॅमेरा शिकवण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, देशातली ही पहिली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि हरिचंद चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक छायाचित्रकार तिथे शिकून बाहेर पडले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे स्वतः डॉक्टर आणि त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर. तिकडे लखनऊला दरोगा अब्बास अली या नगरपालिकेच्या अभियंत्याने १८७४ मध्ये पन्नास फोटोंचा 'लखनऊ अल्बम' काढला. आमचा मराठवाडा ज्या निज़ामी राज्यात होता, तिथे राजा दीनदयाळ यांना 'मुसव्विर जंग' हा किताब मिळाला. त्यांनी हैदराबादेत १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा ज़नाना स्टुडिओ उघडला आणि तो चालवायला बाई नेमली. या सगळ्यांची नावे आपल्याला माहीत आहेत. मला मात्र शिकवणीसंदर्भात ज्याची गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते, तो मक्केचा डॉक्टर आहे. त्याचेही नाव सय्यद अब्दुल गफ्फार आणि त्याच्या उस्तादाचेही अब्दुल गफ्फार. घोटाळा इथूनच सुरू होतो.

उस्तादाचे मूळ नाव क्रिस्तियान स्नूक हुर्ग्रोन्ये. जन्म १८५७, हॉलंडचा. लायडन विद्यापीठात त्याने हज या विषयावर प्रबंध लिहिला होता, मक्का न पाहता. तेव्हा आजचा इंडोनेशिया डचांच्या ताब्यात होता, सुमात्रा बेटावर आचेचे युद्ध १८७३ पासून पेटलेले होते आणि तिथून हजला येणारे मुसलमान मक्केत काय बोलतात याची डच सरकारला काळजी होती. १८८४ च्या ऑगस्टमध्ये स्नूक जेद्दाहला आला. तिथे त्याने इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर केले, अब्दुल गफ्फार हे नाव घेतले आणि १८८५ च्या फेब्रुवारीत तो मक्केत दाखल झाला. त्याचा इस्लाम मनापासूनचा होता की कामापुरता, यावर अभ्यासक आजही भांडतात. दिलातले अल्लाह जाणे. त्याच्या सामानात कॅमेरा होता, एवढे नक्की.

मक्केत कॅमेरा याआधी आला होता. इजिप्तच्या लष्करातले अभियंते मुहम्मद सादिक बे यांनी १८६१ मध्ये मदीनेचे आणि १८८० मध्ये मक्केचे फोटो काढले होते. या दोन्ही शहरांचे ज्ञात असलेले पहिले फोटो त्यांचेच. पण सादिक बे पाहुणे होते, काम करून परत गेले. स्नूकची गाठ पडली ती मक्केत राहणाऱ्या माणसाशी. सय्यद अब्दुल गफ्फार हा तबीब. स्नूकनेच लिहून ठेवले आहे की त्याला वैद्यकीखेरीज घड्याळे आणि बंदुका दुरुस्त करण्यासारखी अनेक हस्तकौशल्ये अवगत होती. असा माणूस प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी असतो. मिक्सरपासून मोटारपर्यंत काहीही उघडून पाहणारा. त्याच्या हाती कॅमेरा दिल्यावर काय होणार, हे सांगायला नको. स्नूकच्या म्हणण्यानुसार फोटोग्राफी त्याने या डॉक्टरला शिकवली. ती शिकवणी कशी चालली, काच कुठे धुतली, पहिला फोटो किती बिघडला, याबद्दल शागिर्दाची बाजू आपल्यासमोर नाही. उस्तादाची आहे.

शिकवणी फार दिवस चालली नाही. एका प्राचीन शिलालेखाच्या भानगडीत स्नूकचे नाव फ्रेंच वर्तमानपत्रात छापून आले आणि १८८५ च्या ऑगस्टमध्ये उस्मानी सरकारने त्याला मक्का सोडायला लावली. हज तोंडावर आला होता. ज्या हजवर त्याने प्रबंध लिहिला, तो हज त्याला पाहता आला नाही. कॅमेरा मागे डॉक्टरकडे राहिला. आणि मग शागिर्दाने जे केले ते उस्तादाला जमणारे नव्हते. तो फोटो काढत राहिला. हरम शरीफचा परिसर, मक्केचे शरीफ, देशोदेशीचे हाजी, अराफात आणि मिनाच्या मैदानातले तंबू. जेद्दाहमार्गे हे फोटो हॉलंडला जात राहिले.

आपल्या फोटोंवर डॉक्टर स्वतःचे नाव अरबीत लिहीत असे. नाव, आणि नावापुढे मक्केचा तबीब. सुंदर अक्षरात, चित्राचाच भाग वाटावा असे.

१८८८ मध्ये स्नूकचा चित्रसंग्रह निघाला आणि १८८९ मध्ये दुसरा, 'बिल्डर आउस मेक्का', म्हणजे मक्केतील चित्रे. युरोपात नाव झाले ते स्नूकचे. फोटो मक्केतल्या एका डॉक्टरचे आहेत एवढा उल्लेख आला, पण मुखपृष्ठावर डॉक्टरचे नाव नव्हते. आणि छापलेल्या चित्रांत ती अरबी सही पुसून टाकलेली होती. पुढे कित्येक दशके हे सगळे फोटो स्नूकचेच मानले गेले. बऱ्याच उशिरा अभ्यासकांनी लायडनमधल्या मूळ प्रती आणि पुस्तकातली पाने शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा मक्केचा पहिला रहिवासी छायाचित्रकार आपल्या नावानिशी परत आला.

स्नूकला चोर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझे मन तितके सरळ होत नाही. त्याने शिकवले हे खरे आहे. त्याने जपून ठेवले नसते तर आज एकही फोटो उरला असता का, शंकाच आहे. पण शिक्षक म्हणून एक गोष्ट मला टोचते. विद्यार्थ्याच्या वहीवरचे नाव खोडण्याचा हक्क वही जपल्याने मिळत नाही.

ही गोष्ट मी अनेकदा सांगितली असेल, पण ती माझ्या घरात घडेल असे वाटले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी शिकायला आली. माझीच जुनी विद्यार्थिनी. तिच्या वडिलांना फोटोचे वावडे नव्हते, त्यांची चिंता रात्रीच्या लग्नांची आणि परत येण्याची. हरकत आजोबांची होती. तसवीर हराम, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलेले. मी त्यांच्याकडे गेलो, चहा घेतला. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात लिहिलेल्या पुस्तिकेबद्दल सांगितले. त्यांचे म्हणणे असे की फोटो म्हणजे नवी आकृती घडवणे नव्हे. अल्लाहने निर्माण केलेल्या वस्तूची सावली रोखून धरणे आहे, हब्स अज़-ज़िल. ज़िल म्हणजे सावली, छाया. मी त्यांना म्हणालो, चाचा, मराठीत तर शब्दच छायाचित्र आहे. ते हसले. पण मी त्यांना हेही सांगितले की आपल्याकडच्या मुफ्ती मुहम्मद शफींसारख्या मोठ्या उलेमांनी याच्या विरुद्ध लिहिले आहे. अर्धीच बाजू सांगून परवानगी मिळवणे मला बरे वाटले नसते. फतवा देणे माझे काम नव्हे. निर्णय घरात झाला. मुलगी फक्त बायकांच्या बाजूला फोटो काढेल, आणि तिचा भाऊ न्यायला-आणायला जाईल.

आमच्याकडच्या लग्नांत स्त्रियांच्या मंडपात फोटो काढायला बाई मिळत नाही, ही जुनी अडचण. त्यामुळे तिला लगेच काम मिळाले. एका स्टुडिओने तिला आपला कॅमेरा देऊन पाठवले. कमी उजेडात, लाल-हिरव्या झिरमिळ्यांत, तिने चवन्नीहून मोठे भोक ठेवून, शटर सांभाळून फोटो काढले. नवरीच्या आजीचा एक फोटो होता. मेंदी लागलेला नातीचा हात ती चष्मा वर करून जवळून पाहते आहे. मी इतक्या वर्षांत तसा एक काढला नाही. महिनाभराने तोच फोटो त्या स्टुडिओच्या दारावर मोठ्या फलकावर लागला, खाली स्टुडिओच्या मालकाचे नाव, 'छायाचित्र' या शब्दापुढे. ती रडली वगैरे नाही. रविवारी आली आणि म्हणाली, "सर, वो डॉक्टर का किस्सा फिरसे बताओ."

मी स्टुडिओच्या मालकाकडे गेलो. त्याचे म्हणणे, कॅमेरा माझा, गिऱ्हाईक माझे, मुलीला पैसे दिले. यातले काही खोटे नव्हते. मी घरी येऊन १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचला. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे पैसे देणाराच ठरतो. म्हणजे स्टुडिओवाल्यापेक्षा नवरीच्या बापाचा दावा भक्कम! पण त्याच कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती असे स्पष्ट आहे, आणि कलम ५७ कर्त्याला आपले कर्तेपण सांगण्याचा हक्क देते, मालकी दुसऱ्याकडे गेली तरीही. हे मी त्याला दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितले. त्याने ऐकून घेतले. फलक दोन महिन्यांनी उतरला, तो हंगाम संपला म्हणून.

तेव्हा मला तो रकाना आठवला, फोटोच्या पोटातला. ६००डीच्या मेन्यूत कॉपीराइटची एक ओळ आहे, तिथे कर्त्याचे नाव टाकता येते. एकदा टाकले की पुढच्या प्रत्येक फोटोच्या हिशेबात ते आपोआप लिहिले जाते. मी कॅमेरा घेतल्यापासून ती रिकामी होती. शटर शिकवले, आयएसओ शिकवले, आण्यांचा हिशेब शिकवला. नाव कुठे लिहायचे ते कुणालाच शिकवले नव्हते. आता तो दुसऱ्या रविवारचा धडा आहे, आरशाच्या लगेच नंतर.

हज़रत तुराबुल हक दर्ग्याचा उरुस आला तेव्हा तिने माझा कॅमेरा मागितला. जाण्याआधी आम्ही पलंगावर बसून नाव टाकले. बाणाच्या बटनांनी एकेक अक्षर शोधायचे, एकेक बसवायचे. अक्षरे फक्त इंग्रजी, उर्दूही नाही, मराठीही नाही. दोन्ही भाषा शिकवणारा मी, आणि तिचे नाव या दोन्हीत लिहिता येईना. नाव झाल्यावर तिने विचारले, डॉक्टरने गावाचे नावही टाकले होते ना? मग पुढे परभणी टाकले. मी तिला हेही सांगितले की हे नाव कुणालाही संगणकावर दोन मिनिटांत पुसता येते. ती म्हणाली, "तो मूळ कार्ड मैं अपने पास रखूंगी."

उरुसाचे तिचे फोटो चांगले आले. कव्वालीच्या रात्रीचे दोन-तीन हलले आहेत. पण कॅमेरा परत आल्यावर मी शाळेच्या २६ जानेवारीच्या कार्यक्रमाचे राहिलेले काही वर्गफोटो काढले आणि नाव बदलायचे विसरलो. त्यामुळे आमच्या आठवीच्या वर्गाचे यंदाचे फोटो तिच्या नावावर आहेत.